मदत हवी आहे: बाग-कुक्षी भागातले गोल दगड डायनासोरची अंडी आहेत का, हे कसं ओळखायचं?

रेवा_इंदूर
मी इंदूरची. शेत मामांचं, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, बाग आणि कुक्षी ह्या गावांच्या मध्ये. पाइपलाइनसाठी चर खणताना दोन फुटांवर पाच गोल दगड निघाले. सगळ्यात लहान ९ सेंमी, सगळ्यात मोठा २३ सेंमी. रंग तपकिरी, बाहेरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. शेताच्या खालच्या अंगाला नाल्याची दरड आहे, तिथे पांढुरका खडक उघडा पडलाय. शिवेवर शेंदूर लावलेला एक गोटा आहे. जवळच्या पाडल्या गावात काकड भैरव म्हणून पुजले जाणारे गोटे अंडी निघाले, तेव्हापासून गावात सगळे ह्यांनाही अंडीच म्हणतात.

घरच्या घरी खात्री कशी करायची? दगड इंदूरला आणले तर चालेल का? आणि कळवायचं कोणाला? पाऊस लागायच्या आत पाइप टाकायचा आहे.

खडकवाचक
रेवाताई, वर्णनावरून ते पाच दगड अंडी वाटत नाहीत. गोलपणा हा पुरावाच नव्हे. आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतो तो काळा ट्रॅप, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात आणि ठोकळे सुटे होतात. भेगांतून पाणी मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी लागतं, सपाट अंगाला एकाच बाजूने, म्हणून कोपरे आधी कुजतात. शेवटी मध्ये कठीण गोल गाभा राहतो आणि भोवती मुरमाड पापुद्रे. शिवाय चुना साकळून झालेले गोटे असतात, आणि ट्रॅपच्या पोकळ्यांत भरलेले अकीक-गारगोटीचे गोळेही. हे फुटले तर आत स्फटिक चमकतात.

आधी मापं बघा. बाग भागातली टायटॅनोसॉरची (लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरची) अंडी साधारण १५ ते १७ सेंमी व्यासाची, आणि एका घरट्यातली जवळपास सारखी. ९ आणि २३ शेजारी शेजारी निघाले, तर संशय तिथेच बळावतो.

मग चुंबक. छोटा, जोरदार चुंबक दोऱ्याला टांगा आणि दगडाच्या ताज्या तुटलेल्या अंगाजवळ न्या. ट्रॅपमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकी खनिज, असतं, चुंबक हलकेच ओढला जातो. चुनखडीच्या अंड्याकडे तो ढिम्म राहतो. पार कुजलेल्या पापुद्र्यावर ही चाचणी करू नका, तिथे ओढ कमी पडते आणि निष्कर्ष चुकतो.

खरा निकाल कवचाचा. अंड्याला पापुद्र्यांची उतरंड नसते. एकच कवच, साधारण १ ते ३ मिमी जाड, सगळीकडे जवळपास तेवढंच, आणि आतल्या भरावापेक्षा वेगळ्या रंगाचं. सराफ्यात पारखीला वापरतात ते दहापट भिंग घ्या. कवचाच्या बाहेरच्या अंगावर मोहरीपेक्षा बारीक पुटकुळ्या दिसतात. तुटलेल्या कडेवर आतून बाहेर पंख्यासारखे उघडत जाणारे कॅल्साइटचे (चुन्याच्या खनिजाचे) स्तंभ दिसतात, एकाला लागून एक. असा पंखा चुन्याच्या गोट्यात दिसत नाही, ट्रॅपमध्ये तर नाहीच. शेवटची खात्री प्रयोगशाळेत ०.०३ मिमी जाडीचा छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली होते. तो उद्योग घरी नको.

लिंबू, व्हिनेगर, अॅसिड अजिबात टाकू नका. कवच चुन्याचं, भोवतालचा खडकही चुन्याचा. फेस दोन्हींवर येतो, त्यातून काहीच कळत नाही, आणि ज्या पुटकुळ्यांवरून ओळख पटायची त्या मात्र विरघळतात.

नर्मदाकाठ
वरच्याशी सहमत. पण ताई, तुम्ही जी गोष्ट सहज लिहिलीत तीच मला मोलाची वाटते: दरडीतला पांढुरका खडक.

त्या भागात सगळ्यात वर ट्रॅप. त्याच्या लगेच खाली बऱ्याच ठिकाणी लमेटा, म्हणजे वाळूमिश्रित चुनखडीचा काही मीटरचा थर, फिकट पांढरा, करडा किंवा पिवळसर. त्याखाली बागचे सागरी थर. अंडी लमेटात मिळतात. सागरी थरांत शिंपले, समुद्री अर्चिन, शार्कचे दात मिळतील, घरटी नाही. म्हणून दरडीत शिंपल्यांचा खच दिसला तर तुम्ही थर चुकलात, वर सरका.

आणखी एक. अंडी चेंडूसारखी सुटी पडलेली क्वचितच दिसतात. खडक झिजून आडवा कापला गेला की जमिनीवर वर्तुळं दिसतात, दरडीत कमानी दिसतात: पातळ, गडद, वाटीच्या कडेसारख्या रेषा. ऊन तिरकं असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर बघा. दुपारच्या उन्हात पांढऱ्या खडकावर काही उठून दिसत नाही.

जागेवरून काही हलवू नका हे कळकळीने सांगतो. २०२३ साली प्लॉस वन ह्या शोधपत्रिकेत धार जिल्ह्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास आला. घरटी एकमेकांना किती लागून होती, अंडी उथळ खड्ड्यांत पुरलेली होती की उघडी, कवचांचे प्रकार किती (सहा निघाले), हे सगळं अंडी जागेवर मोजता आली म्हणून कळलं. त्याआधी २०२२ मध्ये पाडल्याच्या एका घरट्यात अंड्यात अंडं सापडलं, एकात एक दोन कवचं. पक्ष्यांत असं होतं हे माहीत होतं, डायनासोरमध्ये ही पहिलीच नोंद. ते अंडं कुणी आधीच उचलून दिवाणखान्यात ठेवलं असतं तर ते कोणत्या घरट्यातलं, शेजारची अंडी कशी होती, ह्यातलं काहीच उरलं नसतं.

रेवा_इंदूर
दोघांचे आभार. चुंबक पाचही दगडांकडे ओढला गेला, आणि एकाचा गाभा काळाकुट्ट निघाला. म्हणजे ते ट्रॅपच.

पण काका, दरडीत खरंच कमानी आहेत! तीन पूर्ण, एक अर्धी. दोन टोकांमधलं अंतर १४ ते १६ सेंमी. रेषा तपकिरी, कडा २ मिमीच्या आसपास, आत भोवतीसारखाच वाळूचा चुनखडक. खाली बोटाच्या पेराएवढे वाकडे तुकडे पडलेत, भिंगातून वरच्या बाजूला दाणे दिसतात. पाइपची आखणी ह्या जागेपासून चार फुटांवर आहे. आता काय करू? एक तुकडा इंदूरला आणून दाखवू का?

खडकवाचक
कवच असण्याची शक्यता चांगली आहे. आता नुसती नोंद करा.

फोटो: एक लांबून, पूर्ण दरड आणि ओळखीचं झाड किंवा विहीर येईल असा. मग प्रत्येक कमानीचा जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिमी. कागदावर उत्तरेचा बाण काढून तोही चौकटीत घ्या. मोबाइलच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत टिपा. फक्त 'दरडीत' लिहिलं तर उपयोग नाही. ट्रॅपच्या तळापासून किती खाली, हे फीतीने मोजून लिहा.

खाली पडलेले तुकडे पावसात वाहून जातील असे असतील तरच उचला. कोणत्या कमानीखालचा ते लिहून, एकेक वेगळा, मऊ कागदात आणि काडेपेटीत. धुऊ नका. भरावात चिकणमाती असते, ती पाण्याने फुगते आणि कवच तडकवते. माती कोरड्या मऊ ब्रशने झटका. फेविकॉल, वॉर्निश, तेल काहीही लावू नका. जाणकार चिकटवतात ते अॅसिटोनमध्ये विरघळणाऱ्या द्रव्याने, म्हणजे पुढे कधीही काढता यावं.

पाइप किमान वीस फूट वरच्या अंगाला सरकवा. चार फूट पुरणार नाहीत, कारण घरटी दरडीत आत किती गेलीत ते बाहेरून दिसत नाही. पाण्याची ओल तर आणखीच आत जाते. तिथे जेसीबी नको.

नर्मदाकाठ
कळवायचं तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भोपाळ कार्यालयाला, फोटो आणि मोजमापं जोडून. अंड्यांवर काम करणारे लोक लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत आणि दिल्ली विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात आहेत, त्यांनाही तीच ईमेल पाठवा. अर्जावर मामांची सही असू द्या, जमीन त्यांची आहे. बागजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे. शेत त्याच्या हद्दीला लागून आहे का, हे आधी पटवाऱ्याकडे विचारून घ्या. हद्दीत असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय साधा दगडही उचलायचा नाही, ते पडलेले तुकडेसुद्धा.

पावसाळ्यापुरतं दरडीवर प्लास्टिक बांधू नका, आत वाफ साचते आणि खडक सुटतो. वरच्या अंगाला वीतभर उंच मातीचा बांध घाला, म्हणजे शेतातलं पाणी दरडीवरून न येता बाजूने जाईल. कमानींवर चाळलेली कोरडी माती हाताने थोपून वर गवत टाका.

शिवेवरच्या गोट्याचा शेंदूर खरवडू नका. तो पूजेत आहे, तिथेच राहू द्या. जाणकार आले की मामा आणि गावकऱ्यांना विचारून, जिथे शेंदूर पोचलेला नाही त्या खालच्या कडेला भिंग लावून बघता येईल.