१९४८ सालचा चांदीचा डॉलर मिळणार नाही, पण…

वडिलांच्या पंचाहत्तरीनंतर राहून गेलेली भेट म्हणून त्यांच्या जन्मसालाचा, म्हणजे १९४८ चा, अमेरिकन चांदीचा डॉलर हवा, असं तुम्ही लिहिलंय. तो शोधत बसू नका. १९३५ च्या 'पीस' नावाच्या चांदीच्या डॉलरनंतर थेट १९७१ पर्यंत चलनासाठी डॉलरचं नाणं निघालंच नाही. कुणी '१९४८ चा डॉलर' दाखवलाच तर तिथून काढता पाय घ्या.

पण १९४८ हे फ्रँकलिन अर्ध्या डॉलरचं पहिलं वर्ष! ९० टक्के चांदी, एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिन, दुसरीकडे तडा गेलेली लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा. मी तर हेच घेईन.

डॉलरच हवा असेल तर १८७८ पासूनचे 'मॉर्गन' नावाचे चांदीचे डॉलर आहेत. त्यातला १९२१ चा सहज मिळतो. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी, साध्या वजनकाट्यावरही बरीच नकली नाणी उघडी पडतात. पहिल्यांदाच घेताय, तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्या.

डबीचा आणखी एक फायदा. मी आईला १९२२ चा पीस डॉलर सुटाच दिला होता. कडेला निळसर-सोनेरी झाक चढली होती, फार देखणी. आईला वाटलं, चांदी काळी पडलीय. तिने देवाच्या निरांजनाबरोबर तोही दंतमंजनाने लख्ख घासला. नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर बारीक चरे उमटले, ते कायमचे. नाणं देताना 'घासायचं नाही' हे आधी सांगा.