मदत हवी आहे: मगरींच्या काठावर बंधारा, हरकत कुठे नोंदवायची?

काठावरचा
गुरुवारी ग्रामसभेत ठराव येतोय. काम धरलंय तिथेच मगरींची बिळं आहेत. हरकत कुणाकडे द्यायची? अर्जाचा नमुना असला तर टाका. लवकर. आमच्याकडं पाच मिनिटांत हात वर होतात.

पाटकरी
नदी कुठली, कृष्णा की वारणा? को.प. (कोल्हापूर पद्धतीचा, बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवायचा) बंधारा की दारांचा बॅरेज? किती हेक्टर भिजणार? एवढं तरी लिहा राव.

सांगलीचा पूर
बंधाऱ्याचं काय घेऊन बसलाय? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर झाली की मगरी तुमच्या माडीवर येतील.

पाटकरी
अलमट्टीचा धागा वेगळा आहे, तिकडं जा.

काठावरचा
कृष्णाच हो, भिलवडी-औदुंबर पट्टा. को.प. आहे. हेक्टर पाच-सहाशे म्हणतात.

ऊसवाला
पकडा आणि चांदोलीच्या जंगलात सोडा. रात्री मोटर चालू करायला आम्ही जातो, पर्यावरणवाले नाही.

रानवाट
चांदोली काय पांजरपोळ आहे? मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय पकडता येत नाही.

ऊसवाला
आणि माणूस कितव्या अनुसूचीत?

आक्काताई
तिन्हीसांजेला पाण्याकाठी वाकून बसू नये, धुणं घाटावरच धुवावं. पोरांना एकटं सोडू नका.

पाटकरी
मूळ प्रश्नावर येतो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत २०१४ ला बदल झाला. २००० हेक्टरांच्या आतल्या सिंचन प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. तिची वाट बघू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा मात्र सुटत नाही. कलम २(१६) वाचा: सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा 'शिकार'. अर्ज वनखात्याच्या उपवनसंरक्षकांना, प्रत बंधाऱ्याच्या कार्यकारी अभियंत्यांना, दोन्हीकडून पोच घ्या. गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत मगर आहे का तेही बघा.

रानवाट
नुसतं 'बिळं आहेत' लिहू नका. बीळ राहायचं, अंडी वेगळीकडे, पाण्यापासून वर, खड्डा करून पुरलेली. फेब्रुवारी ते एप्रिल अंडी, पिल्लं मे-जूनमध्ये. पाणी उतरलं म्हणून तुमचा जेसीबीही नेमका तेव्हाच लागणार. आणि बरगे घातले की अडलेल्या पाण्याच्या फुगवट्यात बिळं बुडतील ती वेगळीच. अंडी कुठं दिसली?

काठावरचा
बिळं उभ्या गाळाच्या काठात, तोंडाशी पोट घासून गुळगुळीत झालेली वाट दिसते. अंड्यांची पांढरी टरफलं मागच्या उन्हाळ्यात वर उसाच्या बांधालगत सापडली. फोटो आहे. बंधाराच नको असं नाही माझं, पाणी आम्हालाही पाहिजे. वळणाच्या खाली सरकवता येईल.

पाटकरी
मग हेच लिहा की! जागा बदला, आणि अंड्यांच्या दिवसांत त्या काठाला यंत्र लावू नका. गट नंबर टाका, फोटो जोडा. ठरावात तुमची हरकत नोंदवायला लावा, ग्रामसेवक टाळाटाळ करतील.

ऊसवाला
वळणाच्या खाली माझं रान आहे. तिथं सरकवणार असाल तर आधी मला विचारा.