शब्दचर्चा : वाफसा म्हणजे ओलावाच का?

घोडबंदर रोड : गॅलरीतल्या कुंड्यांसाठी सल्ला वाचला : ‘वाफसा आल्याशिवाय पुन्हा पाणी घालू नका.’ वाफसा म्हणजे ओलावाच ना? आणि ‘वापसा’ चूक का?

बेलापूर : दोन्ही रूपं चालतात. शब्द पुल्लिंगी, वाफसा ‘येतो’, पेरणी ‘वाफशावर’ करतात. ओलावा मात्र नव्हे. ओलावा म्हणजे मातीत पाणी किती, एवढंच. वाफशात हवेचाही हिशेब आहे. चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ्यांची असते. मुसळधार पावसात त्या सगळ्या भरतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली उतरतं, तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्या आपलं पाणी सोडत नाहीत. तो वाफसा. हलक्या जमिनीत एक-दोन दिवसांत येतो, भारी जमीन जास्त वाट पाहायला लावते.

कळवा : ओळखायचा असा : वीतभर खालची माती मुठीत दाबायची. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा. नुसता चपटा झाला तर अजून थांबा. त्या मातीत खुरपं चालवलं की पोकळ्या लिंपतात आणि सुकल्यावर ढेकळं होतात. लाडूच वळला नाही, तर वाफसा गेला.

घोडबंदर रोड : कुंडीच्या तळाशी खडी घातली आहे, म्हणजे वाफसा लवकर येईल ना?

बेलापूर : नाही! हा गैरसमज घरोघरी आहे. पोकळी जितकी बारीक तितकी ती पाणी घट्ट ओढते : ०.१ मिमी व्यासाची काचेची नळी पाणी ३० सेंमी चढवते, १ मिमीची जेमतेम ३. त्यामुळे मातीचा खालचा थर गच्च भरेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. चिखल तिथेच राहतो, फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, म्हणून मुळं कुजतात. भोकावर खापरी ठेवा आणि भाताचं तूस मिसळून सगळी मातीच भुसभुशीत करा.

कळवा : एक अपवाद, तोही ठाणे जिल्ह्यातलाच. भाताच्या लावणीला वाफसा नकोच असतो. चिखलणी करून पोकळ्या मुद्दाम मोडतात, म्हणजे पाणी मुरत नाही. भात आपल्या मुळांना हवा पानाखोडांतल्या पोकळ्यांतून पोचवतो. कापणीनंतर त्याच खाचरात वाल पेरताना मात्र पुन्हा तोच लाडू वळून बघावा लागतो.