सेसिल टेलर: आधी १९५६ची रेकॉर्ड ऐका

अमेरिकन जॅझ पियानोवादक सेसिल टेलरबद्दल काही जण म्हणतात की त्याला चाल आणि ताल नकोच होते, सुरुवातीपासून नुसती आदळआपट. मला हे मुळीच पटत नाही. १९५६मध्ये बॉस्टनजवळच्या ट्रान्झिशन या छोट्या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेली 'जॅझ ॲडव्हान्स' ही त्याची पहिली रेकॉर्ड घ्या. त्यात थेलोनियस मंकचं 'बेम्शा स्विंग' आहे, ड्यूक एलिंग्टनचं 'ॲझ्युअर' आहे; दोघंही त्याच्या आधीचे जॅझ पियानोवादक आणि संगीतकार. म्हणजे मुळं कुठली, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय.

'बेम्शा स्विंग' लावा आणि पहिल्यांदा फक्त ब्यूल नाइडलिंगरचा बास आणि डेनिस चार्ल्सचे ड्रम ऐका. ते दोघं लय घट्ट धरून आहेत. मग पियानोकडे वळा. टेलर धून सोडत नाही, तिचे तुकडे पाडतो, एखादाच तुकडा उचलून वेगवेगळ्या उंचीवर आपटून बघतो. वाक्य कुठे संपवेल याचा अंदाज येत नाही, आणि तरीही खाली पाय ठेका धरतोच! याच रेकॉर्डवरचं गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं गाणं तर तो एकट्याने वाजवतो, तिथे डावा हात नीट ऐका.

१९५८ची सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबरची रेकॉर्ड मात्र सुरुवातीला नको. ट्रम्पेटवाला केनी डोरहॅम आणि टेलर यांचं त्यात जमलेलं नाही. त्याऐवजी १९६०चं 'धिस निअर्ली वॉज माइन' ऐका. संगीतकार रिचर्ड रॉजर्सच्या संगीत नाटकातलं हळवं गाणं, दहा मिनिटांहून जास्त. इतक्या हळुवारपणे वाजवणाऱ्याला आदळआपट करणारा म्हणवत नाही मला.