अनुभव हवेत : मांजर सारखं खायला मागतं, तुमच्याकडे काय उपाय चालला?

आमचा बोका चिंगू साडेतीन वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी नसबंदी केली तेव्हा ४ किलो ६०० ग्रॅम होता, गेल्या आठवड्यात ५ किलो ९०० भरला. पहाटे पावणेपाचला छातीवर येऊन बसतो. फ्रिज उघडल्याचा आवाज आला की असेल तिथून धावत येतो. आई नुसती कणीक मळायला बसली तरी पायात पायात करतो. डॉक्टर म्हणाले, नसबंदीनंतर शरीराची गरज कमी होते आणि भूक उलट वाढते, याला किलोभर तरी उतरवा. त्याचं तोंड बघून नाही म्हणवत नाही, पण त्याच्या सांध्यांची आणि पुढे मधुमेह होण्याची मला मनापासून काळजी वाटते. तुमचे अनुभव सविस्तर लिहा. मांजराचं वय, वजन, घरात माणसं किती, तेही सांगा.

सदाफुली, डोंबिवली
घरात पाच माणसं, मांजर एक. प्रत्येकाला वाटायचं, आज हिला कुणी काही दिलंच नाही. सासूबाई सकाळी मूठभर टाकायच्या, मुलगा शाळेतून आल्यावर, हे ऑफिसमधून आल्यावर. एक दिवस मी स्वयंपाकाच्या काट्यावर सगळं मोजून लिहिलं, तर ९० ग्रॅम ड्राय फूड झालं. पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे तिला ५० पुरे होतं. आता रोज सकाळी ५० ग्रॅम मोजून एका स्टीलच्या डब्यात काढते. कुणीही, कधीही द्या, पण त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दिवस संपला. 'मूठभर' हे माप घरातून हद्दपार करा, ही माझी कळकळीची विनंती. सासूबाईंची मूठ आणि माझ्या मुलाची मूठ यांत दुपटीचा फरक निघाला.

माडाचीसावली, मालवण
मागणं म्हणजे दरवेळी हावरेपणा नव्हे हो. एका उंदरातून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर, तेही वेगवेगळ्या वेळी. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं हा त्यांचा पिंडच आहे. आपण दोनदा वाडगा भरून ठेवतो आणि मधल्या बारा तासांत ते ओरडलं की रागावतो. आमच्याकडे तेवढंच खाणं पाच वेळा विभागून देतो. दुपारचं तर वाडग्यात देतच नाही, पडवीत चार कोपऱ्यांत ठेवतो आणि ती हुंगत हुंगत शोधते. बांगड्याचं डोकं आठवड्यातून एखाद्या दिवशी, काटा काढून, मीठमसाला न लावता. कांदा-लसणाचं कालवण मात्र चाटायलासुद्धा देऊ नका, मांजराच्या रक्ताला ते घातक असतं.

निळीशाई, ठाणे
माझा अनुभव वेगळा आहे आणि तो लिहिताना अजूनही जीव कासावीस होतो. आमची मनी तेरा वर्षांची. आयुष्यभर नखरेल, पाऊचमधलं अर्धं टाकून उठणारी. गेल्या पावसाळ्यात अचानक मागायला लागली. वाडगा चाटूनपुसून साफ, लगेच दुसरा हवा. जिने कधी ओट्याकडे पाहिलं नाही ती ओट्यावर चढून पोळी ओढायला लागली. रात्री दोन-अडीचला पॅसेजमध्ये उभी राहून मोठमोठ्याने ओरडायची. आम्ही सगळे म्हणायचो, म्हातारपणी चटावली. मीही तिला ओट्यावरून ढकलून ओरडले आहे.

मग दिवाळीच्या आधी तिला मांडीवर घेऊन विंचरत होते. पाठीवरून हात फिरवला तर मणके एकेक करून बोटांना लागले, जपमाळेसारखे. काट्यावर ठेवलं तर ३ किलो १००. आदल्या वर्षी लसीच्या वेळी ४ किलो २०० होती. एवढं खाऊन किलोभर उतरली होती! डॉक्टरांनी गळा चाचपला, हृदयाचे ठोके मोजले आणि टी-फोरची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची रक्ततपासणी सांगितली. थायरॉइड वाढलेलं निघालं. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार बराच दिसतो. भूक वाढते, वजन घटतं, मांजर अस्वस्थ होतं. खरोखरच तिला भूक लागत होती, आणि आम्ही तिला हावरी म्हणत होतो.

आता दिवसातून दोनदा गोळी आहे. मूत्रपिंडाचीही तपासणी मधून मधून करतो, कारण थायरॉइड ताब्यात आल्यावर तिथला लपलेला त्रास वर येऊ शकतो. वजन ३ किलो ७०० वर आलंय आणि रात्री झोपते. तुमचा बोका तरुण आहे, वजन वाढतंय, त्यामुळे त्याचं हे नसेल. पण हा धागा वाचणाऱ्या कुणाचं मांजर आठ-दहा वर्षांच्या पुढे असेल आणि नव्याने मागायला लागलं असेल, तर कृपा करून आधी वजन करा, मग बाकीचं. जास्त पाणी पीत असेल, शी-शूच्या वाळूत लघवीचे मोठाले गोळे दिसत असतील, तर रक्तातली साखरही बघा.

गोदाकाठ, नाशिक
पहाटेच्या ओरडण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं. पहिला आठवडा ते वाढलंच. नवव्या दिवशी आम्ही हरलो आणि उठून दिलं. तेव्हा त्याला कळलं की नऊ दिवस ओरडलं की मिळतं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि तीन आठवडे लागले. झोपण्याआधी दहा मिनिटं दोरीला पीस बांधून भरपूर धावडवायचं आणि मग शेवटचं खाणं, याचा खूप उपयोग झाला. कुणी 'एक-दोन दिवस उपाशी ठेवा, सुधारेल' म्हणालं तर अजिबात ऐकू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

पंचगंगा, कोल्हापूर
रस्त्यावरून आणलेलं पिल्लू होतं. कितीही खाल्लं तरी पोट फुगलेलं आणि अंग काडीसारखं. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं, ते जंतांचे तुकडे होते. जंताचं औषध आणि जोडीला पिसवांचं औषध, कारण तो जंत पिसवांतूनच येतो. महिन्याभरात मागणं निम्म्यावर आलं.

रानजाई, डब्लिन
वेळेवर उघडणारं यंत्र घेतलं. पहाटे पाचला त्यातून दहा ग्रॅम पडतात. ती आता माझ्या उशाशी येत नाही, यंत्रासमोर जाऊन बसते. एवढाच फरक पडला, पण माझी झोप परत आली.

चिंगूची ताई, पुणे
सगळ्यांचे खूप आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय. सदाफुलीताईंचा डबा सुरू केला, ५५ ग्रॅमवर आलोय, पाच भागांत देतो. दर रविवारी मी आधी एकटी काट्यावर उभी राहते, मग त्याला उचलून घेऊन. १८० ग्रॅम उतरलाय. डॉक्टर म्हणाले, याहून घाई करू नका. पहाटे अजून येतो, पण छातीवर बसायच्या ऐवजी पायाशी येऊन झोपतो.

निळीशाईताई, तुमचं वाचून आईने शेजारच्या काकूंच्या अकरा वर्षांच्या सोनीला आमच्याच काट्यावर ठेवलं. गेल्या वर्षीपेक्षा ६०० ग्रॅम कमी भरली. शुक्रवारी रक्त तपासायला नेतोय. मनीला गोळी कशातून देता, ते जरूर लिहा. सोनी तोंड उघडू देत नाही.