गच्चीवरचं सोलर, गावाकडचा फीडर आणि आपलं कॉमन बिल

सचिव (सी-१०१): नमस्कार. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यात गच्चीवर २० किलोवॅट सोलर बसवण्याचा ठराव आहे. सभेत वेळ कमी असतो, म्हणून शंका आधी या ग्रुपवरच विचारा.

ए-४०२: माझ्या फ्लॅटचं बिल कमी होणार का?

खजिनदार (बी-२०३): नाही. गच्ची सगळ्यांची, म्हणून सोलर कॉमन मीटरला जोडायचं. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर येतील. एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरले तर २० किलोवॅटचे महिन्याला २,४०० होतात. पावसाळ्यात ते कमी भरतील. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी किलोवॅटला १८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे, म्हणजे आपल्याला ३ लाख ६० हजार. पॅनल मात्र भारतीय बनावटीचेच लागतात.

ए-४०२: आणि दुपारी लिफ्ट कमी चालते, तेव्हाची वीज वाया जाते का?

खजिनदार (बी-२०३): नाही, नेट मीटरिंग आहे. जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि युनिट आपल्या खात्यात जमा होतात. मार्चअखेर जे उरतील त्यांना मात्र फार कमी भाव मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवून उपयोग नाही. आपला फायदा वीजदराच्या वरच्या टप्प्यात (स्लॅबमध्ये) आहे. कॉमन मीटर दर महिन्याला ५०० युनिटच्या वर जातं आणि सगळ्यात महाग युनिट तेच. सोलरने आधी तेच कमी होतात.

बी-६०१: चांगलं आहे. पण आपण पदरचे पैसे घालून युनिट वाचवायचे आणि तिकडे शेतीपंपांना साडेसात एचपीपर्यंत बिल माफ. त्याचा बोजा शेवटी आपल्यावरच ना?

ए-३०४: काका, यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे. माझं गाव जुन्नर तालुक्यात आहे. थोरले बंधू शेती करतात, कांदा आणि ऊस. शेतीच्या लाईटची पाळी असते. एक पाळी दिवसाची आठ तासांची, दुसरी रात्रीची दहा तासांची. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन पाण्याला दारं धरायला जायचं. आमच्याकडे बिबट्याची भीती रोजची आहे, उसात साप आहेतच. वहिनी तोवर झोपत नाहीत. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून सगळे मोटरला ऑटो स्विच लावतात. लाईट आली की साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात, डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो आणि ती जळते. मग नवी डीपी येईपर्यंत पीक वाळतं. फुकट वीज म्हणताना हे डोळ्यासमोर असावं एवढीच विनंती.

बोज्याचं म्हणाल तर खरं आहे. शेतीचा दर कमी ठेवायचा म्हणून उद्योग आणि दुकानांकडून जास्त घेतात, बाकीचं सरकार अनुदानातून भरतं. पण हा बोजा उतरवायचा एक मार्ग सापडलाय, आणि तो आपल्याच राज्यात आधी उभा राहिला. शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, गावठाणापासून वेगळे करण्याचं काम आधीच बरंच झालं होतं. त्या फीडरच्या सबस्टेशनजवळच दोन-पाच मेगावॅटचं सोलर उभं करायचं. ऊन दिवसाच असतं, तेव्हा पाणीही दिवसाच देता येतं. वीज तिथेच तयार होऊन तिथेच खर्च होते, लांबून आणावी लागत नाही. युनिट तीन रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे अनुदान आणि आपल्या दरावरचा भारही कमी होतो. प्रत्येक शेतकऱ्याला वेगळा सौरपंप देण्यापेक्षा मला हे जास्त पटतं. जिथे लाईन पोचलीच नाही तिथे सौरपंप हवाच.

सी-५०३: हे कुणाच्या डोक्यातून आलं?

ए-३०४: पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने याची आकडेमोड करून मांडणी केली, पाठपुरावा केला. गिरीश संत आणि शंतनु दीक्षित यांनी नव्वदच्या दशकात एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या कराराचा हिशेब उलगडून दाखवला होता, तोच हा गट. गिरीश संत २०१२ मध्ये गेले, फार लवकर गेले. वीज नियामक आयोगापुढे जाऊन सामान्य ग्राहकाच्या बाजूने आकडे मांडणारी अशी माणसं टीव्हीवर दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

बी-६०१: सरकारने काय केलं मग? पक्षाचा प्रचार नको, फक्त माहिती द्या.

ए-३०४: प्रचार नाही काका. ज्याने केलं त्याचं नाव घ्यावं. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. फडणवीस मुख्यमंत्री होते, ऊर्जा खातं बावनकुळ्यांकडे. राळेगणसिद्धीला सुरुवातीचा प्रकल्प झाला. पुढे वेग मंदावला, मुख्य अडचण जमिनीची. २०२३ मध्ये योजना २.० आली. जमीन भाड्याने घ्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. खडकाळ माळरानाला एवढं भाडं कुणीच देत नव्हतं. २.० मधला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला, ३ मेगावॅटचा. एकूण उद्दिष्ट आता १६,००० मेगावॅटचं आहे.

डी-२०२: पण गायरानं घेतात म्हणून काही गावांत विरोध झाला ना? माझ्या माहेरी हाच वाद आहे. शेळ्या-मेंढ्या चारायच्या कुठे?

ए-३०४: झाला ताई, आणि तो विरोध रास्त आहे. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही त्याचं गुरं चारण्याचं रान तेच. मोबदला मिळाला तरी मेंढपाळाच्या हाती काही येत नाही. तिथे ग्रामसभेत आधी बोलून जागा ठरवायला हवी. कागदावर सही घेऊन कुंपण घालणं बरोबर नाही.

सी-५०३: तुमच्या भावाकडे आली का दिवसाची लाईट?

ए-३०४: अजून नाही. शेजारच्या फीडरला आली. तिथल्या लोकांनी रात्रीचं रानात जाणं सोडलं. आमच्याकडे जागा ठरली आहे, काम व्हायचं आहे. बंधू दर आठवड्याला सबस्टेशनला विचारून येतात.

बी-६०१: रात्रीच्या पाळीचं मला एवढं माहीत नव्हतं. ठरावाला माझा होकार आहे. फक्त वॉटरप्रूफिंगचं बघा. स्ट्रक्चरसाठी स्लॅबला भोकं पाडली तर सहाव्या मजल्यावर गळती माझ्याच घरात.

सचिव (सी-१०१): बरोबर आहे काका. भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर आणि आधी वॉटरप्रूफिंग, या दोन्ही अटी ठरावात घालतो. बी विंगच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठवर येते ते शनिवारी चार वाजता गच्चीवर जाऊन बघू. ज्यांना जमेल त्यांनी या. किल्ली वॉचमनकडे आहे.

डी-२०२: मी येते. वाळवणाच्या दोऱ्या कुठे हलवायच्या तेही तेव्हाच ठरवू.