जिन्याखालचं पुस्तकांचं कपाट : बडोद्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरचा रविवार

सुनंदा (बी-३०२): ज्या कुणी हे केलंय त्यांना साष्टांग नमस्कार. कपाटातून अगाथा क्रिस्टीबाईंचं रॉजर अ‍ॅक्रॉइड आणलं. पान ११ वर खुनी कोण ते पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. बाण काढून!!

मंदार (ए-१०१): 😂😂

जोशी काका (ए-२०४): ड्यू मॉरिएची 'रेबेका' कादंबरी कुणाकडे आहे? माझी स्वतःची प्रत आहे. कृपया कपाटात ठेवावी.

सेक्रेटरी: सकाळी मी काय विचारलं होतं? यंदा वाचलेली एक प्रेमकथा, एक रहस्यकथा. तक्रारी मीटिंगमध्ये.

सुनंदा: तेच सांगतेय की. रहस्यकथा : वाचणार होते.

विद्याकाकू (ए-३०१): १९२६ चं पुस्तक आहे गं ते. इतक्या वर्षांत बातमी फुटायचीच.

सुनंदा: काकू, सीता कुणी पळवली हे माहीत असलं तरी रामायण वाचता येतं. इथे गुपित एकच असतं, बाकी नुसतं चहापाणी.

ज्योत्स्ना (बी-१०३): नाव कुणाचं लिहिलंय? इथे नको, मला वेगळं पाठव.

मंदार: माझं सांगतो. प्रेमकथा : दुनियादारी. सिनेमा नाही, सुहास शिरवळकरांचं पुस्तक. आमच्या पिढीचं.

अण्णा (बी-२०१): १९८२ ची कादंबरी तुझ्या पिढीची कशी रे? तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता.

मंदार: कट्टा तोच असतो अण्णा. आमचा फतेगंजात, एवढंच.

अण्णा: शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास वाच म्हणजे रहस्य कळेल. आणि त्यांच्याआधी बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर कादंबऱ्या! मी भूगोलाच्या पुस्तकात त्यांच्या झुंझारची कादंबरी घालून वाचायचो. वडिलांनी एकदा दोन्ही पुस्तकं जप्त केली, भूगोलात नापास झालो.

जोशी काका: पुन्हा टाकतोय. 'रेबेका' कुणाकडे आहे?

विद्याकाकू: माझी प्रेमकथाही रेबेका आणि रहस्यकथाही रेबेकाच. सगळी गोष्ट जी सांगते तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, आणि मेलेलीचं नाव पानोपानी. जुन्या कोटाच्या खिशातल्या रुमालावरसुद्धा तिची आद्याक्षरं! नवी नवरी बिचारी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वावरते.

ज्योत्स्ना: कोहरा त्याच्यावरूनच ना? वहिदाचा?

विद्याकाकू: हो, १९६४ चा. आईबरोबर पाहिला होता. रात्री माजघरातला दिवा मालवू दिला नाही मी.

जोशी काका: वहिनी, तुमच्याकडे तर नाही ना?

विद्याकाकू: भाऊजी, मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतली वाचली. कपाटाला हात लावत नाही मी. कसर लागलीय त्याला.

खजिनदार: डांबरगोळ्यांचे ४० रुपये मी खिशातून दिलेत. अजून कुणी विचारलं नाही. आणि कपाट मीटरबॉक्सच्या पुढ्यात आहे, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

अण्णा: सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेब आणून ग्रंथालयं उभी केली. मांडवीला पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीनसुद्धा काचेची, खालच्या मजल्यावर उजेड उतरावा म्हणून. आणि आपण चाळीस रुपयांवर बोलतोय.

सेक्रेटरी: बल्ब कालच बदललाय, अण्णा.

अण्णा: प्रेमकथा कुणी विचारली होती ना? चंद्रकांत काकोडकर वाचा. त्यांच्या 'श्यामा' कथेवर अश्लील म्हणून खटला झाला, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत. १९६९ ला सुटले.

खजिनदार: ग्रुपवर मुलं आहेत. भान ठेवावं.

अण्णा: सुप्रीम कोर्टाला चाललं, तुम्हाला नुसत्या नावानं घाम फुटला.

सेक्रेटरी: कृपया 🙏🙏

मंदार: क्रिस्टीबाईंचीच गोष्ट ऐका. १९२६ चा डिसेंबर. बाई ११ दिवस गायब. मोटार सापडली, बाई नाहीत. शेवटी हॅरोगेटच्या हॉटेलात मिळाल्या. रजिस्टरात आडनाव लिहिलेलं नवऱ्याच्या प्रेयसीचं!

सुनंदा: अगं बाई!

विद्याकाकू: आणि नवरा?

मंदार: १९२८ ला घटस्फोट. मग तिच्याशीच लग्न केलं त्यानं.

विद्याकाकू: मेला.

ज्योत्स्ना: सुनंदा, ते पेन्सिलीतलं नाव चुकलंय. निवांत वाच.

सुनंदा: म्हणजे आता तो नाही हे कळलं! एक माणूस बाद झाला की गं. तू कशाला सांगितलंस?

ज्योत्स्ना: चांगलं करायला जावं तर हे असं.

जोशी काका: पुन्हा टाकतोय. 'रेबेका' कुणाकडे आहे?

विद्याकाकू: पेन्सिल परवडली. मला तर पुस्तकात मधोमध बडोदा-भरूच एसटीचं तिकीट सापडलं. कुणाचं तरी वाचन तिथेच अडकलं असणार.

जोशी काका: भरूचचं तिकीट माझं आहे. मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलो होतो.

*विद्याकाकू यांनी हा मेसेज डिलीट केला*

मंदार: 🍿

अण्णा: मांडवीच्या लायब्ररीत जोशांचं तिकीट. अर्नाळकरांनासुद्धा सुचलं नसतं.

विद्याकाकू: भाऊजी, घाईत दोन पुस्तकं सरमिसळ झाली हो. संध्याकाळी मुलाच्या हाती पाठवते. बरोबर अळूवडीही पाठवते.

जोशी काका: तिकीट होतं त्याच पानात असू द्या. मी तिथपर्यंतच वाचलंय.

विद्याकाकू: शेवट फार सुंदर आहे हं.

जोशी काका: तिचं नाव कळत नाही हे तुम्ही मघाशीच सांगून टाकलंत. मी अर्ध्या पुस्तकात तेच शोधत होतो.